मुंबईच्या रस्त्यांवर फोटो काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा कॅमेरा घेतलेले, फोनवरच समाधानी असलेले आणि "घरातून निघते, पण फोटो काढायचा धीर होत नाही" म्हणणारे, असे सगळेच मला साधारण तेच तेच प्रश्न पाठवतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मी मुंबईत फोटो काढते, म्हणून उदाहरणं मुंबईची आहेत. कायद्याबद्दल लिहिलंय ते जुजबी माहितीपुरतं. खरंच भानगडीत सापडलात तर वकील गाठा.

१. स्ट्रीट फोटोग्राफी म्हणजे नेमकं काय? रस्त्यावर काढलेला कुठलाही फोटो त्यात बसतो का?

रस्ता असलाच पाहिजे असं नाही. मंडई, लोकलचा डबा, इराण्याचं हॉटेल, चाळीची गॅलरी, रेशनची रांग, सगळं चालतं. फक्त समोरचा प्रसंग तुम्ही घडवून आणलेला नको. बातमीच्या फोटोला घटना लागते. इथे बहुतेक वेळा काहीच घडत नसतं: टॅक्सीवाला बोनेटवर पेपर पसरून शब्दकोडं सोडवतोय, एवढंच.

पोर्ट्रेटचं काय? माणूस तुमच्याकडे बघतोय, त्याला माहीत आहे की फोटो निघतोय, म्हणजे ती स्ट्रीट फोटोग्राफी नव्हे, असं काही कट्टर मंडळी म्हणतात. म्हणू द्या. शहरातलं रोजचं जगणं दोन्हीत सापडतं. होमाई व्यारावाला यांना आपण नेहरूंच्या फोटोंमुळे ओळखतो, पण त्यांची सुरुवात १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतल्या साध्या जगण्याच्या आणि जे. जे. मधल्या मैत्रिणींच्या फोटोंनी झाली. त्यांत काही सहज टिपलेले, काही सांगून उभं करून काढलेले. आज ते बघताना कोणता कुठल्या कप्प्यात टाकायचा हा विचारही मनात येत नाही.

२. कोणता कॅमेरा घेऊ? मोबाइल चालेल का?

चालेल. उजेड असेल तर फोन उत्तम, आणि मुंबईत फोन हातात धरलेल्या माणसाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. अंधारात आणि वेगाने हलणाऱ्या माणसांपुढे तो कमी पडतो.

कॅमेरा घ्यायचाच असेल तर लहान घ्या, आणि ३५ किंवा २८ मिलिमीटरची एकच फिक्स (झूम न होणारी) लेन्स लावा. ७०-२०० ची लांबलचक झूम घरी ठेवा. ती जड आहे हा मुद्दा दुय्यम. तिच्यामुळे तुम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे राहून लोकांवर नेम धरायला लागता, हा खरा मुद्दा आहे (प्रश्न ७ बघा). सीएसएमटीसमोर डी. एन. रोड आणि बोरा बाजार भागात जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. तिथे वापरलेली लेन्स घेताना ती उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का ते बघा. ती बुरशी. आपल्या हवेत ती हमखास लागते.

३. सेटिंग काय ठेवू? फोकस होईपर्यंत माणूस निघून जातो.

मग ऑटोफोकसवर विसंबूच नका. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या फ्रेमएवढा असतो) ३५ मिलिमीटर लेन्स, छिद्र (लेन्समधून उजेड आत येतो ते, म्हणजे ॲपर्चर) एफ/८, फोकस हाताने तीन मीटरवर. एवढं केलं की साधारण दोन ते सात मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. रस्त्यावरचं बहुतेक जग त्याच अंतरात असतं. शटर १/२५० सेकंद, लोक पळत असतील तर १/५००. आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, ऑटोवर सोडा.

यात एक खोच आहे. स्टेशनवर, भाजीबाजारात, रात्रीच्या खाऊगाडीवर स्वस्त एलईडी दिवे असतात आणि वेगवान शटरला फोटोत आडवे काळे पट्टे येतात. कॅमेरा बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणलं की पट्टे जातात, पण चालणारा माणूस थोडा हलतो. अशा वेळी उभी किंवा बसलेली माणसं शोधा.

४. सुरुवात कुठून करू?

सगळे चोर बाजार नाहीतर धोबीघाट सुचवतात. मी दादरचा फूल बाजार सुचवते. कारण सरळ आहे: तिथे सगळे इतके घाईत असतात की तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

स्टेशनच्या पश्चिमेला पहाटे चारच्या सुमारास व्यवहार सुरू होतो. वसई-विरारकडच्या बायका पहिल्या गाड्यांनी मोगरा, सोनचाफा घेऊन येतात. झेंडू, शेवंती टेम्पोतून उतरते. हमाल डोक्यावर भारे घेऊन "साइड, साइड!" ओरडत निघतात आणि ते थांबत नाहीत, तुम्हीच बाजूला व्हायचं. वाटेत मधोमध उभं राहून फ्रेम जुळवणाऱ्याला तिथे चांगल्या शिव्या बसतात, आणि त्या योग्यच असतात.

उजाडल्यावर एक वेगळी पंचाईत होते. दुकानांवर निळी ताडपत्री असते, तिच्यातून गाळून आलेला उजेड सगळ्या चेहऱ्यांवर निळसर कळा आणतो. झेंडू मातकट दिसतो, माणूस आजारी. संगणकावर हे धड दुरुस्त होत नाही, कारण त्याच फ्रेममध्ये बल्बचा पिवळा उजेडही असतो. उपाय जागेवरच करायचा: ताडपत्रीची कड जिथे संपते तिथे जाऊन थांबायचं. गजरे ओवणाऱ्या बायका बऱ्याचदा उजेडासाठी कडेलाच बसतात. एका बाजूने आकाशाचा पांढरा उजेड चेहऱ्यावर, मागे निळा काळोख. एवढी सोय स्टुडिओत पैसे मोजून करावी लागते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र नवख्याने जाऊ नये. पाय ठेवायला जागा नसते.

५. किती वाजता जावं?

जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, मे-जूनमध्ये सहाच्या आसपास. त्यानंतरचा तास-दीड तास सर्वांत चांगला. संध्याकाळी फोर्टमध्ये या: पश्चिमेकडे तोंड असलेल्या कमानींत दुपारी चारनंतर उन्हाचे पट्टे पडतात आणि ऑफिस सुटलेली माणसं त्या पट्ट्यांतून एकेक करून जातात. तुम्ही फक्त एका खांबाला टेकून उभं राहायचं.

भर दुपार टाळा, विशेषतः मे महिन्यात. मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. तेव्हा कपाळ पांढरंफटक आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. बाहेर पडायचंच असेल तर पोर्ट्रेट दुकानाच्या छपराखाली काढा.

६. पावसाळ्यात कॅमेऱ्याचं काय करायचं?

घरी ठेवून देऊ नका, बुरशी तिथेच लागते. हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या वर राहिला की तिला रान मोकळं. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि दमटपणा दाखवणारं छोटं यंत्र, एवढं पुरतं. चामड्याच्या पेटीत किंवा कपड्यांच्या कपाटात कॅमेरा ठेवणं सर्वांत वाईट. एसीतून बाहेर आल्यावर लेन्सवर वाफ धरते. ती पुसत बसू नका, कॅमेरा पंधरा-वीस मिनिटं बॅगेतच राहू द्या.

आणि पावसात खरंच बाहेर पडा. एरवी एकमेकांकडे न बघणारी माणसं एका छपराखाली दाटीवाटीने उभी असतात, कुणालाच कुठे जाता येत नाही.

७. लोकांना विचारून फोटो काढायचा की न विचारता? हे नैतिक आहे का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. माझं मत ठाम आहे: न विचारता काढलेला फोटो आणि चोरून काढलेला फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

न विचारता म्हणजे मी उघड उभी आहे, कॅमेरा गळ्यात दिसतोय, तीन मीटरवर आहे, समोरच्याने मान वर केली तर त्याला मी दिसते. त्याला नको असेल तर तो हात हलवू शकतो, तोंड फिरवू शकतो, मला दोन शब्द सुनावू शकतो. चोरून म्हणजे पलीकडच्या फुटपाथवरून झूम लावून, किंवा फोनवर बोलतोय असं दाखवून. तिथे समोरच्याला नाही म्हणायची संधीच मिळत नाही. पहिला प्रकार मी रोज करते. दुसरा मी करत नाही आणि माझ्यासोबत येणाऱ्यांनाही करू देत नाही.

"विचारलं तर सहजपणा जातो" हे खरं आहे, पण तो परत येतो. एखाद्या जागी अर्धा तास थांबलात, चहा घेतलात, काही ओळखीचे झालात, की लोक तुम्हाला विसरतात. चर्चगेटबाहेर सकाळी अकराच्या पुढे डबेवाले फुटपाथवर डबे लावतात. त्यांची वाटणी सुरू असताना कुणालाही थांबवून विचारणं म्हणजे उलट त्रासच. तिथे आधी हसून मान डोलवायची, कडेला उभं राहायचं, आणि वाट अडवायची नाही. त्यांनीही मान डोलवली की तीच परवानगी.

काही वेळा मात्र विचारल्याशिवाय काढायचाच नाही: रडणारा माणूस, आजारी माणूस, झोपलेला माणूस, बाळाला पाजणारी आई, प्रार्थनेत असलेला कुणीही. मुलांसाठी प्रश्न १३ बघा.

८. विचारायचं कसं? माझी जीभच उचलत नाही.

एकच वाक्य पाठ करा आणि ते खरं असू द्या. "काका, एक फोटो काढू का तुमचा? काम चालू दे तुमचं." बस. मासेवालीला मावशी, भायखळ्याच्या मिस्त्रीला चाचा, आपल्या वयाच्या पोराला सरळ "भाई". मुंबईत माणूस बघून मराठी की हिंदी हे एका क्षणात ठरवावं लागतं. चुकलं तरी कुणी मनावर घेत नाही.

पुढचा प्रश्न ठरलेला: "कशाला?" इथे गडबडलात की संपलं. "प्रोजेक्ट आहे" म्हणू नका, लोकांना वाटतं सर्व्हे किंवा संस्था. "पेपरात येईल" असं तर अजिबात सांगू नका. "मला आवड आहे, या बाजारातल्या माणसांचे फोटो काढते" एवढं पुरतं.

फेरीवाला "नाही" म्हणाला तर कारण ओळखा. हल्ली लोक फुटपाथचा फोटो काढून पालिकेला टॅग करतात आणि दुसऱ्या दिवशी गाडी येते. त्याच्या दृष्टीने तुमचा कॅमेरा म्हणजे तक्रार. चेहरा ओळखीचा झाला की तोच माणूस पुढच्या वेळी हाक मारून बोलावतो. मासळीबाजारात सकाळी लिलाव आणि घासाघीस चालू असताना विचारूच नका. गिऱ्हाईक ओसरल्यावर, पाट्या धुताना विचारा. शक्य असेल तर बोंबील घ्या आणि मग विचारा.

९. परवानगी मिळते, पण फोटो पासपोर्टसारखा येतो. माणूस ताठ उभा राहतो.

राहणारच. आपल्याकडे फोटोसाठी उभं राहणं म्हणजे ताठ उभं राहणं. तो तुमचा मान राखतोय. पहिले दोन-तीन फोटो तसेच काढा, त्याला स्क्रीनवर दाखवा. "बरा आलाय" म्हणून तो हसतो, खांदे खाली येतात, तेव्हा पुढचा काढा.

गेटवे ऑफ इंडियावरचे परवानाधारक फोटोग्राफर एकदा निवांत बसून बघा. गळ्यात ओळखपत्र, एका हातात नमुन्यांचा अल्बम, खांद्यावरच्या बॅगेत छोटा प्रिंटर. नागपूरहून आलेलं लाजाळू जोडपं असो की सोलापूरचं आठ जणांचं कुटुंब, मिनिटाभरात माणसं मोकळी होतात. युक्ती हातांत आहे. तो प्रत्येकाच्या हाताला काम देतो: "ताई, पदर असा धरा. दादा, चिमटीत ताजचा घुमट पकडा. अजून वर. हां!" घुमट पकडायच्या नादात दादा चेहऱ्याचं भान विसरतो. ती पोझ हास्यास्पद आहे हे मान्य, पण तत्त्व घेण्यासारखं आहे. कटिंग चहाचा ग्लास, कात्री, वस्तरा, तराजू, जे त्या माणसाच्या हातात रोज असतं ते हातात राहू द्या.

मागची बाजूही बघा. कपाळातून विजेचा खांब उगवला नाही ना? बघणारा आधी तिकडेच बघतो.

१०. पैसे मागितले तर द्यायचे का?

मी फोटोचे पैसे देत नाही, प्रिंट देते. चार-बाय-सहाची प्रिंट कुठल्याही स्टुडिओत निघते आणि तिचं मोल समोरच्याला नोटेपेक्षा जास्त वाटतं. व्हॉट्सॲपवर पाठवणंही चालतं, पण पाठवतो म्हटलं तर पाठवाच. न पाठवणाऱ्यांमुळे पुढच्या माणसाला दारं बंद होतात.

ज्यांचं पोटच दिसण्यावर आहे त्यांची गोष्ट वेगळी. वासुदेव, कडकलक्ष्मी, बहुरूपी हे कलाकार आहेत. त्यांचा फोटो काढून फुकट निघून जाणं बरं नाही, तिथे मोबदला द्या.

११. कुणी "डिलीट कर" म्हणून अंगावर आलं, गर्दी जमली तर?

डिलीट करा, त्याच्या समोर, स्क्रीन दाखवून. कायद्याने बंधन असो वा नसो, माझा नियम हाच. एका फ्रेमसाठी भांडण्यात अर्थ नाही. आवाज चढवू नका, पळू तर मुळीच नका. पळणारा माणूस मुंबईत आधी चोर ठरतो, चौकशी नंतर होते. जवळच्या दुकानदाराशी आधीपासून दोन शब्द बोललेले असले तर तोच मध्ये पडतो.

पोलिसांनी हटकलं तर ओळखपत्र दाखवा, काय करताय ते सांगा. गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ नुसार पोलीस वस्तू जप्त करू शकतात, पण त्याची रीतसर नोंद व्हायला हवी. उभ्या उभ्या कार्ड पुसायला लावणं ही त्या कलमातली गोष्ट नाही. हे माहीत असावं. मात्र ते चौकीत वाद घालून सिद्ध करायची गरज बहुधा पडत नाही.

१२. कायदा काय म्हणतो? सार्वजनिक ठिकाणी फोटो काढायला बंदी आहे का?

सरसकट बंदी घालणारा कायदा भारतात नाही. पण त्याचा अर्थ मोकाट परवानगी असाही नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. स्त्रीचे खासगी क्षणांतले फोटो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. तिने स्पष्ट नकार दिल्यावरही पाठलाग करून संपर्क साधत राहिलात तर कलम ७८ लागू शकतं. विनयाला धक्का लागेल असं वागणं, तिच्या खासगीपणात घुसणं हे ७९ मध्ये येतं. कुणाच्याही गुप्तांगाचा फोटो संमतीशिवाय घेतला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई आहे. "स्ट्रीट आहे, चालतं" हे उत्तर यातल्या कशालाच चालत नाही.

ठिकाणांचंही बघा. कुलाब्यात नौदलाची हद्द आहे, आणि १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा अजून लागू आहे. ससून डॉक १८७५ चा, बघायला अप्रतिम, पण बंदराची हद्द आहे. परवानगीशिवाय कॅमेरा बाहेर काढू नका, कुणी काढताना दिसलं तरीही. मॉल, मंदिर, दर्गा, रुग्णालय, सोसायटी ही खासगी किंवा नियमांखालची ठिकाणं, तिथे त्यांचं म्हणणं शेवटचं. खोताची वाडी दिसायला गल्ली असली तरी लोकांची घरं आहेत. ओट्यावर चढून खिडकीत लेन्स घालणाऱ्यांमुळे रहिवासी वैतागलेले असतात.

लोकल आणि स्टेशनांत व्यावसायिक शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते. फोनवर एखादा फोटो काढणाऱ्याला सहसा कुणी अडवत नाही, मोठा कॅमेरा काढला की आरपीएफचा (रेल्वे सुरक्षा दलाचा) जवान येतो. पुरुषांनी बायकांच्या डब्यात फोटोसाठीही चढू नये, रेल्वे कायद्याच्या कलम १६२ खाली तो गुन्हा आहे. आणि ट्रायपॉड कुठेच उघडू नका. तीन पाय जमिनीला लागले की ते "शूटिंग" ठरतं आणि परवानगीची विचारणा सुरू होते.

१३. लहान मुलांचे फोटो?

मुलं स्वतःच "अंकल, फोटो फोटो" करत समोर येतात. त्यांची हौस म्हणजे संमती नव्हे. आई-बाप किंवा आजी जवळ असेल तर त्यांना विचारा. कुणीच नसेल तर काढून त्यांना दाखवा, पण चेहरा ओळखू येईल असा फोटो ऑनलाइन टाकू नका. शाळेचं नाव दिसत असेल तर मुळीच नाही. निराधार, हरवलेल्या किंवा एखाद्या प्रकरणात अडकलेल्या मुलांची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं.

१४. फुटपाथवर राहणाऱ्यांचे, झोपडपट्टीतले फोटो काढणं म्हणजे गरिबीचा बाजार मांडणं नाही का?

बऱ्याचदा असतं. एकदाच जाऊन, सर्वांत मळका कोपरा निवडून, काळ्या-पांढऱ्यात टाकून खाली "हसू" असं लिहिलेले फोटो मला बघवत नाहीत. धारावीत पायी फेऱ्या नेणाऱ्या काही संस्था फेरीत कॅमेराच काढू देत नाहीत. मला ते पटतं.

पण उत्तर "काढूच नका" असंही नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले: गटारात उतरलेले, कचऱ्याच्या गाडीवरचे, आणि घरी बायकामुलांत बसलेले. ते फोटो बघणं जड जातं, तरी त्यांत कीव नाही, कारण माणसाचं कामही दिसतं आणि घरही. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. स्वतःला एवढंच विचारा: याच माणसाला हा फोटो त्याच्या घरी नेऊन देता येईल का? उत्तर नाही असेल तर काढू नका.

१५. मी मुलगी आहे. एकटीने जावं का?

जा. बाईच्या हातातल्या कॅमेऱ्याला लोक कमी बिचकतात, बायका तर हमखास बोलतात, आणि लेडीज डबा नावाची अख्खी दुनिया फक्त आपल्यालाच खुली आहे. पहाटेचे बाजार सुरक्षित असतात कारण ते भरलेले असतात. सुनसान गोदामांच्या भागात, दुपारच्या वेळी, सोबत असू द्या. कॅमेऱ्याचा पट्टा हातात गुंडाळा, बॅग पुढे. कुणी मागे मागे यायला लागला तर कुठल्याही किराणा दुकानात शिरा आणि मोठ्याने बोला.

१६. विसर्जन, मोहरम, सहा डिसेंबर अशा गर्दीत काय सांभाळायचं?

सगळ्या गर्द्या सारख्या नसतात, हे पहिलं. गिरगाव चौपाटीवरच्या विसर्जनात लोक नाचत असतात आणि कॅमेरा बघून जास्त नाचतात. तिथे फोन आणि पाकीट सांभाळा, फोटो आपोआप येतात. डोंगरीतला मोहरम हा शोक आहे. तिथे रक्त आणि छातीपिटाईच्या मागे धावू नका.

सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. तो महापरिनिर्वाण दिन, उत्सव नव्हे. तरी दरवर्षी काही फोटोग्राफर फक्त थकलेले पाय आणि मैदानावर झोपलेली माणसं टिपतात. शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल बघा. नांदेड-परभणीहून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं उभ्याउभ्या पानं चाळत असतात, पुस्तकं विकत घेऊन पिशवीत भरत असतात. माझ्या मते त्या दिवसाचं चित्र ते आहे.

१७. रंगीत की ब्लॅक अँड व्हाइट?

रंग नीट जमत नाहीत म्हणून काळं-पांढरं करू नका. दादरचा झेंडू काळा करून काय मिळणार?

१८. हजारो फोटो साठलेत. निवडायचे कसे?

लगेच निवडू नका. काढताना जी धडपड केली तिचं प्रेम फोटोला चिकटलेलं असतं, ते महिनाभरात उतरतं. मग फोनवर छोट्या आकारात बघा. छोटा असूनही नजर अडकली तर ठेवा. उरलेल्यांच्या स्वस्त प्रिंट काढून जमिनीवर पसरा आणि फोटोग्राफीशी संबंध नसलेल्या घरच्या माणसाला दाखवा. आईने "ही बाई कुणावर चिडलीय?" असं विचारलं तर फोटोत काहीतरी आहे.

१९. रस्त्यावर काढलेला पोर्ट्रेट विकता येतो का? हक्क कुणाचा?

फोटोचा स्वामित्वहक्क १९५७ च्या कायद्यानुसार सहसा काढणाऱ्याचा, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो तुमच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं टिकतो. अपवाद लक्षात ठेवा: कुणी पैसे देऊन तुमच्याकडून स्वतःचा पोर्ट्रेट काढून घेतला, आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. नोकरीत असताना काढलेल्या फोटोंचं करारपत्रही वाचा.

हक्क तुमचा असला तरी चेहरा त्याचा आहे. प्रदर्शन किंवा लेखासाठी वापरणं वेगळं, जाहिरातीसाठी वेगळं. जाहिरातीला लेखी संमती घ्याच, स्टॉक एजन्सीही (तयार फोटो विकणाऱ्या कंपन्या) ती मागतात. संमतीचा कागद त्या माणसाला कळेल अशा भाषेत हवा. इंग्रजी अर्जावर अंगठा घेऊन काम भागवू नका. प्रदर्शनात लावलेला फोटो नंतर कुणी काढायला सांगितला तर मी काढते, त्यात कायदा शोधत बसत नाही.

२०. एआयने मागची नको असलेली माणसं पुसली तर?

स्वतःच्या भिंतीवर लावा, खुशाल. पण तो फोटो "जसं होतं तसं" म्हणून दाखवू नका, स्पर्धेला पाठवू नका. हा मोह नवा नाही. १८६० च्या दशकात विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो काढून ते शहराच्या दुसऱ्याच दृश्यांवर चिकटवले आणि पुस्तकात छापले. आज ते बघताना आधी कापलेल्या कडाच दिसतात. उजेड कमी-जास्त करणं, थोडं कातरणं इथवर ठीक. माणूस काढणं किंवा घालणं म्हणजे खोटं बोलणं. नको असलेली माणसं फ्रेमबाहेर ठेवायची तर दोन पावलं सरका.

२१. मी मुंबईत राहत नाही. पुणे, नाशिक, कोल्हापुरात हे लागू होतं का?

कायदा तोच, उजेडही साधारण तोच. माणसं वेगळी. मुंबईत तुम्ही अनोळखी असता आणि तेच तुमचं भांडवल. कोल्हापूरच्या तालमीत किंवा गोदाघाटावर तुम्हाला आधी विचारतील, "कुणाचा रे तू?" म्हणून प्रश्न ८ मधल्या वाक्याआधी स्वतःचं नाव-गाव सांगा. तालमीत वस्तादांना विचारल्याशिवाय हौद्यात कॅमेरा नेऊ नका, आणि चपला बाहेर काढा. पुण्याच्या मंडईत विचारलंत तर परवानगी मिळेल, सोबत फोटो कसा काढावा याचा सल्लाही.

प्रिंट द्यायला मात्र लहान गावात परत जावंच लागतं. नाही गेलात तर पुढच्या खेपेला अख्ख्या आळीला माहीत असतं.